कान तेवढा खरा

एकवीस मे, रविवार, सकाळचे पावणेआठ. स्थळ: प्रताप नगरातल्या आमच्या घराची पुढची खोली. हजर: बाबा, आई, कमल आत्या, मी, खाप्याहून आलेल्या पार्वताबाई, त्यांचे थोरले चिरंजीव वासुदेव, धाकटे नामदेव, आणि ईझलवर पांढऱ्या पंचाखाली झाकलेले पार्वताबाईंचे दिवंगत यजमान गणपतराव. कूलर: बंद.

वहीतली नोंद इथे संपते. पुढची ओळ कोरी आहे, कारण त्यानंतर बाबांनी पंचा ओढला आणि मला लिहायचं सुचलं नाही. साल वहीच्या पुठ्ठ्यावर होतं; तो पुठ्ठा आईनं पुढे लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून घेतला. मी तेव्हा वीस वर्षांची होते, बी. ए. नुकतंच आटोपलं होतं, एवढं पुरे. पंचा ओढण्याआधी कायकाय घडलं ते क्रमानं सांगते. क्रम चुकला की या गोष्टीत सगळा दोष बाबांचा वाटतो, आणि तो त्यांचा नव्हता. माझा होता.

बाबा सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. धरणांचे, कालव्यांचे, पाटाच्या फाट्यांचे. संध्याकाळी आणि रविवारी माणसांचे. त्यांच्या लेखी दोन्ही कामं एकच होती: आधी चौकटी आखा, मग उंच-सखल भाग दाखवा. गिऱ्हाईक पासपोर्टएवढा फोटो आणून देई, बहुधा गेलेल्या माणसाचा, बहुधा कोपरा दुमडलेला. बाबा त्यावर पारदर्शक कागद ठेवून बारीक चौकटी आखत, तेवढ्याच चौकटी मोठ्या कागदावर मोठ्या करून आखत, आणि मग नकाशात तालुके भरावेत तशी एकेक चौकट भरत जात. पेन्सिल झाली की टाक आणि काळी शाई. बारीक रेघा, एकीवर एक तिरप्या, गालाखाली दाट, कपाळावर विरळ. मग तीच शाई तीन वाट्यांत पाणी घालून पातळ करायची. पहिली वाटी वरणाच्या निवळीसारखी, दुसरी कोऱ्या चहासारखी, तिसरी जळक्या गुळाच्या पाकासारखी. त्यांतून रुंद ब्रशनं सावल्या द्यायच्या. जिथे उजेड हवा तिथे कागद कोराच सोडायचा. "पांढरा रंग लावाचा नसते, वाचवाचा असते," असं ते म्हणत. शाईचं चित्र पसंत पडलं तर त्याच चौकटींवरून पुढे रंगीत. आणि डोळे, शाई असो की रंग, सगळ्यांत शेवटी. त्यामुळे बिनडोळ्यांचा एखादा माणूस आमच्या पुढच्या खोलीत आठ-आठ दिवस उभा असे. आत्या खुशाल त्याच्यासमोर केस विंचरायला बसायची. "त्याले कुठी दिसते," म्हणायची.

शाई ओली असेतो कूलर लावायचा नाही, हा नियम. आमचा कूलर पत्र्याचा, खिडकीत बसवलेला, आणि वारा टाकता टाकता मध्येच शिंकायचा. शिंकेबरोबर चार-दोन थेंब थेट ईझलपर्यंत यायचे. एका सोनाराच्या कपाळावर त्यानं एकदा देवीचे व्रण काढले होते. तेव्हापासून पेन्सिल चालू असली की घरात सुबत्ता, आणि शाई उघडली की आम्ही तिघी ओले टॉवेल डोक्यावर घेऊन फरशीवर आडव्या. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, नागपुरात. म्हणून आई पेन्सिलीच्या दिवसांत फार बारकाईनं चित्र पाहायची. "अहो, नाक अजून नीट नाही जमलं वाटते. दोन दिवस पेन्सिलच चालू द्या ना."

आता मुख्य मुद्दा. बाबा ज्याचं चित्र काढत, त्याचा चेहरा त्यांना चढायचा. सोंग म्हणून नाही. त्यांना त्याचा पत्ताही नसे. भुवई काढताना भुवई उचलली जाई आणि मग ती उचललेलीच राही, कचेरीत, जेवताना, झोपेत. चेहऱ्यामागून स्वभाव येई. एका निवृत्त हेडमास्तरांचं चित्र चालू असताना बाबांनी आईला चादरींच्या घड्या पुन्हा घालायला लावल्या. मिठाईवाल्याच्या वेळी अर्धा किलो संत्रा बर्फी आणली आणि कुणी मागायच्या आत वाटली. एका पहिलवानाच्या आठवड्यात ते दारातून आडवे होऊन आत येत, जरी त्यांचं वजन तेव्हा बावन्न किलो होतं. आणि एका वकिलांच्या आईचं चित्र घेतलं तेव्हा ताटावर बसून आईला म्हणाले, "वरण पातळ नाही झालं का वं आज?" आईनं पळी खाली ठेवली. "सासू गेली त्याले नऊ वर्षं झाली," ती म्हणाली, "आता ही कोणाची आणली घरात?"

या सगळ्याचा मी तक्ता केला होता. डाव्या बाजूला चित्र, मध्ये किती दिवस चालेल याचा अंदाज, उजव्या बाजूला त्या दिवसांत काय मागून घ्यावं. मिठाईवाला: चपला, मैत्रिणीकडे मुक्काम. हेडमास्तर: फक्त पुस्तकं. वकिलांची आई: काही नको, समोरही जाऊ नको. हा तक्ता आई आणि आत्याही वापरत. आज ग्रंथालयात काम करताना लोक मला विचारतात की एवढी शिस्त कुठून आली, तेव्हा मी त्यांच्या पुस्तकावर शिक्का मारते.

मला त्या उन्हाळ्यात हवी होती ती सही. ग्रंथालयशास्त्राच्या प्रवेशाचा फॉर्म, त्यावर पालकाची सही, शेवटची तारीख बावीस मे. सोपं वाटतं, पण आमच्या फाटकावर पाटी होती: 'शाईची व रंगीत व्यक्तिचित्रे काढून मिळतील.' खाली बाबांचं नाव. आणि नावापुढे, मी दहावीत असताना, त्यांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: 'आणि कन्या'. पावसात ते पुसट होई आणि दर दिवाळीला बाबा पुन्हा गिरवत. शाईनं कधी लिहिलं नाही, माझं बी. ए. होऊन मी चित्रकलेच्या पदविकेला गेले की लिहायचं, असं ठरलं होतं. कुणाशी ठरलं होतं ते ठाऊक नाही. माझे हात चौकटी आखण्यात पटाईत होते, चौकटीत काय भरायचं हे त्यांना कधीच कळलं नाही. मी काढलेल्या प्रत्येक माणसाला आत्या ओळखायची, आणि दर वेळी तिला आमचा दूधवालाच दिसायचा. तरी बाबांना ते दिसत नव्हतं, आणि 'मला तुमच्या पाटीवर यायचं नाही' हे वाक्य मी आरशासमोरसुद्धा पुरं म्हणू शकत नव्हते. योग्य चेहरा येईपर्यंत थांबायचं, असा माझा बेत.

आणि आल्या पार्वताबाई. मेच्या सुरुवातीला, थोरल्या मुलाबरोबर, पिशवीत कैऱ्या आणि एक लग्नाचा फोटो घेऊन. फोटोत नऊ माणसं समोर बघत होती. दहाव्यानं नेमक्या त्या क्षणी मागच्या बँडवाल्याला रागावायला मान वळवली होती. त्याचा फेट्याचा मागचा भाग आणि डावा कान एवढंच आलं होतं.

"हे व्हय आमचे," पार्वताबाई बोट ठेवून म्हणाल्या.

"कोणते?" बाबांनी भिंग घेतलं.

"हा कान."

दुसरा फोटोच नव्हता. गणपतरावांना फोटोवाल्यानं 'जरा हसा' म्हटलेलं सहन होत नसे, म्हणून ते आयुष्यभर टाळत आले. बाबांनी भिंग खाली ठेवलं. "बाई, एका कानावरून माणूस कसा काढू मी?"

"तुमी धरनाचे नकाशे काढता म्हनते. धरन बांधाच्या आधी."

"हो. पण ते—"

"मंग? पानी पाह्यलं असते का तुमी तवा?"

बाबांनी भिंग पुन्हा उचललं. चोवीस मेला गणपतरावांचं वर्षश्राद्ध होतं. "समोर कान ठेवू का?" पार्वताबाईंनी विचारलं. मग फोटो पिशवीत घालताना, आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "वरीसभरात चेहरा इसरत चालली जी मी. आवाज आठवते. आवाज मोठाच होता. पन तोंड सकायी आठवलं तं सांजेले जाते. एकदा पाहाचं हाय." बाबांनी फोटो परत मागून घेतला.

त्या रात्रीच्या जेवणाला कैरीची चटणी होती, आणि बाबांचा डावा कान किंचित पुढे आला होता, असं आत्याचं म्हणणं. मी ते वहीत घेतलं नाही. पुरावा पुरेसा नव्हता.

बाबांनी बावीस प्रश्नांची यादी केली आणि मला फूटपट्टीसकट खाप्याला धाडलं. अशा कामात माझा हातखंडा होता. पार्वताबाईंच्या ओसरीत बसून मी एकेक प्रश्न विचारत गेले आणि पहिल्या पाच मिनिटांत घरात दोन पक्ष पडले.

"नाक कसं होतं?"

"माझ्यासारखं," वासुदेवभाऊ म्हणाले.

"माझ्यासारखं," नामदेवभाऊ म्हणाले.

दोघांची नाकं एका आईची वाटत नव्हती. एकाचं भज्यासारखं पसरलेलं, दुसऱ्याचं वांग्याच्या देठासारखं वर उचललेलं. मी दोन्ही मोजली. पार्वताबाई आतून म्हणाल्या, "कोनाचंच नाई वं. राग आला का असं फुलवत," आणि गोठ्यातल्या बैलाकडे बोट केलं. बैलाचं नाक मी मोजलं नाही, अंदाजानं लिहिलं. मिशी भरदार होती यावर एकमत; पण डावीकडची आखूड होती, बिडीनं जळली म्हणून, असं वासुदेवभाऊ सांगत होते, आणि उजवीकडची, असं नामदेवभाऊ. "तू कोनत्या बाजूले बसत होता जेवाले?" "उजव्या." "मी डाव्या. मले डावी दिसे." हा वाद मी सोडवू शकले नाही. मधल्या वेळात मला पाटवडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी मिळाली. रस्सा एवढा झणझणीत होता की सातव्या ते नवव्या प्रश्नांच्या उत्तरांवर अजूनही डाग आहेत.

बाविसावा प्रश्न: स्वभाव. यावर मात्र घर एक झालं. गणपतराव रागीट होते. किती? मीठ कमी झालं तर ताट अंगणात जाई. मीठ जास्त झालं तर पाट जाई. एसटी उशिरा आली म्हणून तिला रागावत, ड्रायव्हरला नाही, एसटीला. कन्हानला एका पावसाळ्यात पूर आला तेव्हा काठावर उभं राहून तिला 'लाज नाई वाटत का तुले' म्हणाले होते. "आन मंग पूर उतरला," नामदेवभाऊ म्हणाले, "दोन दिवसानं. पन ते म्हनत, माह्यामुळं." पार्वताबाई तांदूळ निवडत होत्या. "बेचाळीस वरसं," एवढंच त्या म्हणाल्या. मी दीड पान भरलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली आणि तिथे मी तारखांचं गणित मांडलं. चित्राला दोन आठवडे. फॉर्मची मुदत बावीस मे. म्हणजे ते दोन्ही आठवडे बाबांच्या चेहऱ्यावर असणार एक असा माणूस, ज्यानं नदीला झापलं होतं. त्या चेहऱ्यासमोर मी फॉर्म धरायचा आणि म्हणायचं की पाटी पुसा. दीड पान मी फाडलं. सावनेरच्या पुढे रस्ता खराब होता, तरी गुडघ्यावर वही धरून लिहिलं: 'बाविसावे. स्वभाव: शांत, हसतमुख. कुणालाही नाही म्हणत नसत.'

तीन वाक्यांत मी एक मेलेला माणूस बदलून टाकला. मला तेव्हा फक्त हात दुखल्याचं आठवतं.

बाबांनी यादी दोनदा वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि चौकटी आखायला बसले. कान सगळ्यात आधी, फोटोवरून, तंतोतंत. बाकीचं कानाभोवती. नाकाच्या बाबतीत त्यांनी दोन्ही मुलांची मापं बेरीज करून निम्मी केली, नदीची सरासरी पातळी काढतात तशी. मिशी दोन्हीकडून अर्धं बोट कापली. तिसऱ्या दिवशी ओठ आले, आणि घरात असा काळ सुरू झाला ज्याला आत्या अजून 'गणपतरावांचं राज्य' म्हणते.

बाबा हसू लागले. सकाळी दात घासतानाही. भाजीवालीनं 'घ्या ना दादा' म्हटलं आणि त्यांनी सहा किलो भोपळा घेतला. शेजारच्यांनी शिडी मागितली, दिली. मग आमची खाट मागितली, तीही दिली. आईनं भोपळ्याची भाजी, भोपळ्याचे घारगे, भोपळ्याचं भरीत केलं आणि चौथ्या दिवशी हात जोडले. "अहो, कोणाले तरी नाही म्हणा. मलेच म्हणा, पण म्हणा." बाबा गोड हसले. "तुले कसं म्हणू वं?" आई लाजली. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती.

आणि मग शाईच्या दिवशी, भर दुपारी, डोक्यावरचा टॉवेल पिळत आत्या म्हणाली, "दादा, कूलर लावू का गा थोडा वेळ?" तिनं आपलं सवयीनं विचारलं होतं, उत्तर ठाऊक धरून. बाबा म्हणाले, "लाव ना."

आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. आत्यानं बटण दाबलं. कूलर घरघरला, थरथरला, पाच मिनिटं शहाण्यासारखा वागला, आणि शिंकला. तीन थेंब गणपतरावांच्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांवर आणि हनुवटीवर. शाई ओली होती. कोपऱ्यांतून ती वर पसरली. बाबांनी टिपकागद लावला, मागे सरकून पाहिलं, आणि जे पसरलं होतं त्यालाच रेघांनी सावरून घेतलं. आधी गणपतराव नुसते प्रसन्न होते. आता ते जोरात हसायच्या बेतात होते, आणि दोन्ही गालांवर खळ्या होत्या.

त्याच संध्याकाळी मी फॉर्म पुढे केला. बोलायचं सगळं पाठ केलं होतं, सात मुद्दे, क्रमवार. पहिला मुद्दा संपायच्या आत बाबांनी टाक त्याच शाईत बुडवला आणि सही केली. "पुस्तकांचं शिकतं का? शीक. बरं आहे." खळीसकट हसले. उरलेले सहा मुद्दे माझ्या तोंडात तसेच राहिले. मी फॉर्म कपाटात ठेवला, सोमवारी विद्यापीठात द्यायचा म्हणून. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, साधारण जेवणापर्यंत. मग पाणी आणायला जाताना पुढच्या खोलीत थांबले आणि ईझलकडे पाहिलं. डोळे अजून यायचे होते. तरी मला वाटलं की तो माणूस मला ओळखतो.

तर आता एकवीस मे, पावणेआठ. बाबांनी पंचा ओढला.

दोन्ही मुलांनी आधी चित्राकडे, मग बाबांकडे पाहिलं; खळ्या दोन्हीकडे त्याच होत्या.

"हे कोन व्हय?" वासुदेवभाऊंनी विचारलं.

"गणपतराव," बाबा म्हणाले. अजून हसतच होते.

"आमचे बाबूजी हसत नव्हते जी."

"लग्नातही नाही," नामदेवभाऊ म्हणाले. "आईले इचारा."

बाबांचं हसू तिथेच ओघळायला लागलं, आधी डावी खळी गेली, मग उजवी. ज्या माणसानं आयुष्यात एकदाही चौकट चुकवली नव्हती, त्याच्या घरात दोन तरणेताठे मुलगे उभे होते आणि म्हणत होते की हा आमचा बाप नाही. तीन दिवसांवर श्राद्ध. आणि खापाच तो, तिथे एकाला कळलं की बाजाराच्या दिवशी सगळ्यांना कळणार. "हसत नव्हते असं कोण म्हणते?" बाबा म्हणाले आणि माझ्या हातातली वही घेऊन उघडली. बाविसाव्या ओळीवर बोट ठेवून उभे राहिले. मी फॉर्मच्या कपाटाला पाठ लावून उभी होते. सांगायला एक वाक्य लागलं असतं, आणि ते सांगितलं असतं तर सोमवारी विद्यापीठात मी काय घेऊन जाणार होते?

"हे लिहून कोनं देल्लं तुमाले?" वासुदेवभाऊंनी हात पुढे केला.

बाबांनी वही मिटली. "यादीत आहे," म्हणाले, आणि वही खिशात घातली.

"बाबा," मी म्हणाले. पुन्हा म्हणाले, "बाबा, ती ओळ—"

"थांब वं पोरी," पार्वताबाई म्हणाल्या. "तू थांब. तुमी बी थांबा गा दोघं."

त्या उठल्या आणि ईझलच्या अगदी जवळ गेल्या. पदरानं चष्मा पुसला. कान पाहिला, नाक पाहिलं, मिशीशी थोडा वेळ थांबल्या. मग मागे वळून मलाच विचारलं, "हा कोनाले नाई म्हनत नाई म्हनतं?"

"नाही," मी म्हणाले.

"मीठ कमी पडलं तरी?"

"हसतो फक्त."

त्या पुन्हा चित्राकडे वळल्या. मला वाटलं रडतात. खांदे हलत होते. आईनं पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला आणि पिता येईना, कारण त्या हसत होत्या. "कान त्याचाच हाय," त्या म्हणाल्या. "बाकी सुधारला."

"आई, पन लोक काय म्हनतीन?" नामदेवभाऊ म्हणाले.

"काय म्हनतीन? मेल्यावर सुधारला म्हनतीन. लय लोक सुधारतेत." पेला आईच्या हातात दिला. "बेचाळीस वरसं त्याच्यासंग काढले मी. आता याच्यासंग काढतो. बरं जमन. बांधा गा."

मुलांनी गणपतरावांना जुन्या चादरीत गुंडाळून नेलं. त्यांना पुढे दिवाणखान्यासाठी रागीट गणपतरावही हवे होते, बाबांनी एकच उत्तर दिलं, "कान एकच होता, वापरला." रंगीत चित्राचं कुणी नावही काढलं नाही. कानाचं ते उत्तर म्हणजे दोन आठवड्यांतलं बाबांचं पहिलं 'नाही', आणि आईनं देवाजवळ साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी काही बोलायच्या आत बाबांनी कपाटातून फॉर्म काढला आणि कचेरीत जाताना स्वतः नेऊन दिला. जायच्या आधी फाटकापाशी थांबले, शर्टाच्या खिशातून खोडरबर काढलं आणि 'आणि कन्या' पुसून टाकलं. नीट, कडेकडेनं, शब्दाच्या शेवटापासून सुरुवात करून. मग स्कूटरला किक मारताना एकदा माझ्याकडे पाहिलं. ईझल रिकामं होतं. पुढचं गिऱ्हाईक बुधवारी येणार होतं. म्हणजे त्या सकाळी बाबांच्या चेहऱ्यावर कुणीच नव्हतं. फक्त ते होते. मी फाटकात उभी होते, हातात परत मिळालेली वही होती, वहीत पेन होतं, आणि मी काहीही लिहून घेतलं नाही.

याचं महत्त्व मला आत्ता कळतं आहे. बाबा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. मोतीबिंदूनंतर त्यांनी टाक ठेवून दिला, आणि गेल्या वर्षी एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, "माझं चित्र काढून घे. शाईचं." मी म्हटलं, आता मोबाइलमध्ये फोटो टाकला की एका मिनिटात शाईचं चित्र निघतं, रेघांसकट. ते म्हणाले, "निघते. पण त्याले आपण कोणाचं काढून राहिलो ते माहीत असते का?" मग मी फोटो गोळा केले. चौतीस मिळाले, तारीखवार लावले. माझ्या लग्नात ते एक कीर्तनकार आहेत. भाऊजींच्या गृहप्रवेशाला तालुक्याचे सभापती. निवृत्तीच्या समारंभात, हार घालून, चक्क वकिलांची आई. चौतीसपैकी एकातही बाबा नाहीत.

मी म्हटलं, "मग आईला आणि आत्याला विचारून यादी करते."

बाबा चहा पीत राहिले. "तुझी यादी मले माहीत आहे," म्हणाले. "बाविसावं उत्तर बसमध्ये लिहिलं होतं तू. एकवीस उत्तरं ओसरीत बसून, आणि शेवटचं उड्या मारून राहिलं होतं. नकाशेवाल्याले कळते ते."

तीस वर्षं मी ते पोटात ठेवलं होतं. "मग तसंच काढलं काहून?" मी विचारलं. माझ्या तोंडून 'का'ऐवजी 'काहून' गेलं म्हणजे मी किती हबकले असेन ते बघा.

"पहिला ओठ काढला आणि बरं वाटाले लागलं," ते म्हणाले. "दोन आठवडे चांगले गेले. तुझी आईही खूश होती, भोपळा सोडला तर." मग कप खाली ठेवून म्हणाले, "पण सही गणपतरावांनी नाही केली बरं. मी केली. तुझा तो तक्ता आईनं मले कधीच दाखवला होता."

म्हणून यादी न करता समोर बसवून काढते आहे, त्यांच्याच पद्धतीनं. आखलेल्या चौकटी: तीनशे वीस. पेन्सिल पूर्ण. रेघा पूर्ण. वाट्यांतल्या तिन्ही सावल्या पूर्ण, जुना कूलर विकला आहे. आत्यानं येऊन पाहिलं आणि पहिल्यांदाच दूधवाल्याचं नाव घेतलं नाही. कान तर फार चांगला आला आहे. डोळ्यांसाठी मात्र मी रविवारी ब्रश घेऊन समोर बसले की बाबा माझ्याकडे बघतात, आणि बघता बघता त्यांच्या कपाळाला दोन आठ्या पडतात, ओठ आवळले जातात, मान किंचित डावीकडे कलते. मी तिसऱ्या रविवारी ओळखलं. ती मी आहे, काम करतानाची.

रविवारच्या कामांच्या यादीत, पाण्याची टाकी धुणे आणि रद्दी बांधणे यांच्यामध्ये, चौथ्या क्रमांकावर: बाबांचे डोळे. मागच्या रविवारी टाकी धुतली, रद्दी बांधली.